घर आणि यंत्र : गाडीच्या बॅटरीची तार

तेर येथील एका वाचक भगिनीचें सविस्तर पत्र आमच्यापुढें आहे. घरीं मामंजी, सासूबाई व शाळेंत जाणारीं दोन मुलें. यजमान नोकरीनिमित्त पुण्यास. मामंजींना आठवड्यांतून दोनदां डायलिसिसकरितां धाराशिवास न्यावें लागतें. हें काम बाईंनीं गाडी शिकून स्वतःच्या अंगावर घेतलें आहे. गाडी साधी, पेट्रोलवर चालणारी, दहा वर्षांची. अलीकडे पहाटे किल्ली फिरविली कीं नुसता ‘टक’ असा आवाज येतो, समोरचे दिवे मंदावतात आणि इंजिन जागचें हालत नाहीं. चार-पांच वेळां प्रयत्न केल्यावर कधीं घेतें, कधीं घेत नाहीं. बॅटरी चारच महिन्यांपूर्वीं नवी घातलेली. तरीहि एक जण म्हणतो, दुसरी बॅटरी घाला. दुसरा म्हणतो, सेल्फच गेला, सात-आठ हजारांची सोय ठेवा. बाईंनीं स्वतः बॉनेट उघडून पाहिलें, तेव्हां काळ्या तारेच्या टोकाशीं हिरवट-निळसर भुकटी जमलेली आणि तिथलें रबर फुगून चिरलेलें त्यांस दिसलें. ही तार आपल्याला घरीं बदलतां येईल काय, असा त्यांचा प्रश्न आहे. पाना हातीं धरण्याचा सराव नाहीं, हेंहि त्यांनीं मोकळेपणानें कळविलें आहे.

येईल, असें आमचें उत्तर आहे. मात्र तत्पूर्वीं दोष तारेंतच आहे, याची खात्री करून घेतली पाहिजे. तेरच्या माणसाला हें निराळें सांगावें लागूं नये. गोरोबाकाकांनीं थापटणें हातीं घेऊन कच्चें मडकें कोणतें आणि पक्कें कोणतें हें ठरविल्याची कथा त्याच गांवची. आपल्याकडील गाडीवाले पुष्कळदां थापटणें न मारतांच बॅटरीला कच्चें ठरवितात, आणि गिऱ्हाईकाचे चार-पांच हजार रुपये खर्चीं पडूनहि दुखणें राहतें तें राहतेंच.

या तारेचें काम काय, तें आधीं समजून घेऊं. घरांतील दिव्याच्या तारेंतून अर्धा अँपियरहि प्रवाह वाहत नाहीं. हजार वॅटची इस्त्री चार-साडेचार अँपियर ओढते. गाडीचा सेल्फ मात्र इंजिन फिरवितांना शंभर ते दोनशें अँपियर मागतो, कारण बॅटरीचा दाब अवघा बारा व्होल्टांचा असतो. दाब थोडा, म्हणून प्रवाह मोठा. म्हणूनच ही तार करंगळीएवढी जाड असते. आतां, या तारेच्या टोकाशीं गंज चढून एक-शतांश ओहम एवढा क्षुल्लक अडथळा उत्पन्न झाला असें समजा. दोन्ही मोठे दिवे लावले तर नऊ-दहा अँपियर वाहतात. त्या अडथळ्यांत व्होल्टाचा जेमतेम एक-दशांश भाग खर्चीं पडतो आणि दिवे लख्ख दिसतात. पण सेल्फ दीडशें अँपियर ओढूं लागतांच त्याच अडथळ्यांत दीड व्होल्ट नाहींसा होतो. अडथळा त्याच्या दुपटी-तिपटीनें वाढला तर सेल्फला उरलेला दाब पुरत नाहीं. तो ‘टक’ करून स्वस्थ बसतो. दिवे चांगले लागतात, अर्थात् बॅटरी व तारा ठीक आहेत, असा निष्कर्ष जे काढतात ते येथें फसतात. पहाटेच्या गारठ्यांत इंजिनांतलें तेल घट्ट झालेलें असतें व बॅटरीचाहि जोर थोडा कमी असतो, म्हणून खोड पहाटे दिसते आणि दुपारीं नाहींशी होते.

ती भुकटी कोठून येते? बॅटरींत शिशाचे पत्रे आणि पाणी घातलेलें गंधकाम्ल असतें. आम्लाचा सूक्ष्म अंश बाहेर झिरपून तारेच्या तांब्याला लागला कीं निळसर-हिरवा क्षार तयार होतो, म्हणजे मोरचूदच. शिशावर जमतो तो पांढरा. रबराखालीं हा गंज इंच-दोन इंच आंतपर्यंत सरकतो. वरून टोक घासून चकचकीत केलें तरी आंतले तांब्याचे केस कुजलेलेच राहतात. रबर फुगलें असेल तर तार घासण्याच्या नादीं न लागतां ती बदलावी, हें आमचें स्पष्ट मत आहे.

येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या प्रवासवहींत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नांवाच्या थोर नगराचा उल्लेख आहे. हें तगर म्हणजेच आजचें तेर, असें फ्लीट साहेबांनीं 1901 सालीं साधार मांडलें. तगराचें कापड व मलमल गाड्यांत लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून, भडोच बंदरास जात असे, हें त्याच वहींत लिहिलें आहे. आणि भडोचला समुद्रावरून जो माल उतरे, त्यांत तांबें, कथील व शिसें हीं नांवें आहेत. सातवाहनांनीं तर शिशाचीं नाणींच पाडलीं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत त्या काळच्या वस्तु पाहून आलेल्या माणसाला आपल्या दारांतल्या गाडीच्या बॅटरींत तींच शिसें-तांबें भेटावीं, ही मौज आम्हांस वाटते.

शिशाची बॅटरी फ्रान्समध्यें प्लाँते यानें 1859 सालीं सिद्ध केली. परंतु मोटारीचें इंजिन पुढें कित्येक वर्षें हँडल मारूनच सुरू करावें लागे. तें हँडल उलट फिरलें कीं मनगट मोडे. अमेरिकेंत केटरिंग यानें तयार केलेला विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडीवर 1912 पासून बसूं लागला, आणि मनगटांत पैलवानी जोर नसलेल्या माणसालाहि, विशेषतः स्त्रियांना, गाडी एकटीनें बाहेर काढतां येऊं लागली. असो.

आतां परीक्षा. बाजारांत साधा मल्टिमीटर तीन-चारशें रुपयांस मिळतो. तो घरीं असावाच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर तो लावला असतां साडेबाराच्या वर, म्हणजे 12.6 च्या सुमारास, आंकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. 12 च्या आसपास आला तर ती बरीच रिकामी आहे; आधीं ती चार्ज करून घ्यावी, मगच पुढील परीक्षेस अर्थ आहे. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्यें घालून, हातब्रेक ओढून, घरांतील दुसऱ्या जाणत्या माणसाला किल्लीशीं बसवावें. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस बाजूच्या शिशाच्या खुंटीवरच टेकावी. खुंटीवर, तारेच्या पट्ट्यावर नव्हे. कारण खुंटी व पट्टा यांच्यामधला गंजहि आपणांस मोजावयाचा आहे. दुसरी सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकावी. पदर, ओढणी व केंस पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवून मग किल्ली फिरवावयास सांगावें. सेल्फ ओढीत असतांना आंकडा 0.2 व्होल्टच्या आंत राहिला तर ती बाजू निर्दोष. अर्ध्या व्होल्टावर गेला तर दोष सांपडलाच म्हणून समजावें. त्याच वेळीं बॅटरीच्या दोन खुंट्यांमधील दाब साडेनऊच्या खालीं जात नसेल, तर बिचाऱ्या बॅटरीवरचा आरोप खोटा ठरला.

मल्टिमीटर नसेल तर याहूनहि सोपी युक्ति आहे. दुसऱ्याच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्यासाठीं ज्या चिमट्यांच्या जाड तारा मिळतात, त्यांतील काळी एकटीच घ्यावी. तिचा एक चिमटा बॅटरीच्या मायनस खुंटीला व दुसरा इंजिनाच्या एखाद्या भक्कम, बिनरंगी धातूच्या भागाला घट्ट लावावा, आणि किल्ली फिरवावी. म्हणजे गंजलेल्या तारेला वळसा घालून प्रवाहाला दुसरी वाट मिळते. इंजिन एका दमांत सुरू झालें तर दोष काळ्या तारेंत, याविषयीं शंका नको. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं अशी तार गाडींत ठेवून द्यावी. नवी तार येईपर्यंत पहाटेच्या अडचणींत तीच उपयोगी पडेल.

यापुढील एक गोष्ट यंत्राची नाहीं, पण आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. काम डायलिसिसच्या आदल्या दिवशीं काढूं नये. ज्या दिवशीं मामंजींना घेऊन परत आलां, त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं काढावें, म्हणजे एखादा बोल्ट अडून बसला, तार आंखूड निघाली, तरी दोन दिवस हातीं राहतात. रक्तशुद्धीची पाळी चुकणें म्हणजे शरीरांत पाणी व क्षार सांचत राहणें. त्याची भरपाई पुढच्या खेपेस सहज होईल असें मानूं नये. म्हणून गांवांतील एखाद्या गाडीवाल्याशीं आधींच बोलून ठेवावें. तशी वेळ आली नाहीं तर उत्तमच.

नवी तार विकत घेतांना जुनीचें छायाचित्र व गाडीचें नांव, साल बरोबर न्यावें. त्याच गाडीसाठीं तयार मिळत असेल तर तीच घ्यावी, दोनशें रुपये अधिक पडले तरी. धाराशिव, बार्शी किंवा लातूर येथें ती मागवून मिळण्यास अडचण पडूं नये. तयार न मिळाल्यास ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्यावी लागते, आणि येथें डोळे उघडे ठेवावेत. वरचें रबर जाड म्हणजे तार जाड, असें नव्हे. लहान पेट्रोल गाडीला तांब्याची 25 चौरस मिलिमीटरची तार पुरते. डिझेल गाडीला 35 किंवा अधिक लागते. कांहीं स्वस्त तारांत आंत ॲल्युमिनियम असून वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. कापलेल्या टोकाकडे पाहिलें असतां ते केस आंतून पांढरे दिसतात, आणि तार हातांत वजनाला हलकी लागते. ती घेऊं नये. टोकाचा लग हातोडीनें ठोकून चेपलेला नको. दाबयंत्रानें सर्व बाजूंनीं सारखा दाबलेला हवा. बॅटरीच्या खुंट्या जाड व बारीक अशा दोन प्रकारच्या असतात. शिवाय एकाच बॅटरीवर प्लसची खुंटी मायनसपेक्षां किंचित् जाड असते. तेव्हां पट्टा कोणत्या खुंटीचा, हें दुकानांतच सांगावें. सैल पट्ट्यांत पत्र्याचे तुकडे कोंबण्याची जी रीत आहे ती वाईट.

आणखी एक पाहावें. पुष्कळ गाड्यांत काळ्या तारेला दोन शाखा असतात : एक गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरी, जाड, गिअरबॉक्सला अगर इंजिनाला. नव्या तारेलाहि दोन्ही हव्यात. इंजिन रबराच्या उशांवर बसविलेलें असतें. सांगाड्याला विजेची वाट करून दिली म्हणजे ती इंजिनापर्यंत आपोआप पोंचते असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागीं, सावलींत उभी करावी. इंजिन पूर्ण थंड असावें. किल्ली काढून खिशांत ठेवावी व एका दाराची कांच खालीं करून ठेवावी, कारण वीज तुटल्यावर कांहीं गाड्यांचीं कुलुपें आपली मर्जी चालवितात. हातांतील बांगड्या, अंगठी, घड्याळ व गळ्यांतील मंगळसूत्र काढून देवघरांत ठेवावें. यांत अशुभ कांहीं नाहीं. सोनें हें विजेचें उत्तम वाहक आहे. पाना, अंगठी आणि गाडीचा पत्रा यांचा चुकून मेळ बसला तर अंगठी क्षणांत लाल होते आणि बोट भाजून निघतें. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे. जवळ उदबत्ती, विडी, शेगडी कांहीं नको. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो आणि तो ठिणगीनें पेट घेतो. सर्व जोडण्यांचीं छायाचित्रें फोनवर काढून ठेवावीं.

नंतर बहुधा दहा नंबरचा पाना घेऊन प्रथम मायनसचा, म्हणजे काळ्या तारेचा, पट्टा सैल करावा. प्रथम मायनसच, आणि परत बसवितांना तो सर्वांत शेवटीं. पुष्कळ लोक हा नियम पाठ म्हणून दाखवितात, पण कारण सांगत नाहींत. गाडीचा सर्व पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लसचा नट सोडतांना पान्याचें दुसरें टोक पत्र्याला लागलें, तर बॅटरीचीं दोन्ही टोकें पान्यानेंच जोडलीं गेलीं. शेंकडों अँपियर वाहून पाना चिकटतो, ठिणग्या उडतात, प्रसंगीं बॅटरी फुटते. मायनस आधींच सोडलेला असेल तर पाना पत्र्याला शंभरदां लागला तरी कांहीं होत नाहीं. ज्यांच्या घरीं आजोबांची जुनी इंग्रजी गाडी जपून ठेवलेली असेल त्यांनीं मात्र सावध असावें. त्या गाड्यांपैकीं बऱ्याच गाड्यांत प्लस सांगाड्याला जोडलेला असे. तेथें खरा नियम असा कीं, जें टोक सांगाड्याला जोडलेलें तें आधीं सोडावें.

पट्टा निघत नसेल तर तो हातोडीनें ठोकूं नये. शिशाची खुंटी आंतून हालते व नवी बॅटरी कायमची जाते. पेलाभर कोमट पाण्यांत मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या दांतब्रशानें तें पाणी गंजावर लावावें. फेंस येतो, तो थांबला म्हणजे आम्ल मेलें. हें पाणी बॅटरीच्या बुचांतून आंत जाऊं देऊं नये. मग साध्या पाण्याच्या फडक्यानें पुसून कोरडें करावें. पट्टा मागें-पुढें हळूहळू फिरविला कीं सुटतो. सुटलेली तार बाजूला वळवून फडक्यांत गुंडाळून ठेवावी, म्हणजे ती परत खुंटीला शिवणार नाहीं. गाडींत अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या पिशव्या असतील तर येथें पांच-दहा मिनिटें थांबून चहा घ्यावा. त्यांच्या यंत्रणेंत सांठलेली वीज तोंवर उतरते.

आतां जुन्या तारेचीं दुसरीं टोकें. सांगाड्यावरचा बोल्ट सहसा समोरच असतो; गिअरबॉक्सवरचा थोडा खोल. तो गंजून बसला असेल तर तेल सोडून अर्धा तास वाट पाहावी; जोर करून मान तोडली तर काम घरचें राहत नाहीं. बोल्ट वरून हातीं लागत नसेल आणि गाडीखालीं शिरावें लागणार असेल, तर नवशिक्यानें तेथेंच थांबून हें काम गॅरेजवाल्यास द्यावें. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, कोणत्याहि कारणानें, जाऊं नये. आमच्या भगिनींच्या गाडीच्या वर्णनावरून दोन्ही बोल्ट वरून दिसत असावेत असें वाटतें. आधीं विजेरी घेऊन पाहून घ्यावें.

बोल्ट निघाल्यावर त्याखालची जागा पॉलिश पेपरनें उजळ धातु दिसेपर्यंत घासावी. नव्या तारेचा लग रंगावर अगर गंजावर बसविला तर नवी तार जुनीसारखीच वागेल. नवी तार जुनीच्याच वाटेनें, त्याच पकडींतून न्यावी. गरम होणाऱ्या धुराच्या नळीपासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून ती दूर असावी, आणि इंजिन हालतें म्हणून किंचित् सैल. इंजिनाकडील टोक आधीं, मग सांगाड्याकडील, दोन्ही चांगले आवळून. बॅटरीचा पट्टा सर्वांत शेवटीं. तो टेकवितांना बारीकशी ठिणगी दिसली तर भिऊं नये. पट्टा खुंटीच्या तळापर्यंत बसला पाहिजे आणि आवळल्यावर हातानें फिरतां कामा नये. परंतु शिसें मऊ असतें, म्हणून सारा जोर लावून आवळूंहि नये. त्यानंतर वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. आधीं व्हॅसलीन लावून मग पट्टा बसविणारे कांहीं आहेत. धातूला धातु प्रथम घट्ट लागूं द्यावा, लेप नंतर, हें अधिक बरें.

गाडी सुरू करून पाहावी. घड्याळ पुनः लावावें लागेल. कांहीं गाड्यांत रेडिओ गुप्त आंकडा विचारतो, तो गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत असतो. इंजिनाची संथ चाल पहिलीं कांहीं मिनिटें वरखालीं होईल, ती आपोआप ठिकाणावर येते. गाडी चालूं असतांना बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर साधारणपणें पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. बॅटरीपासून इंजिनापर्यंतची पूर्वींची परीक्षा पुनः घ्यावी, आंकडा 0.2 च्या आंत आला तर बरें काम झालें. तो आला नाहीं आणि ‘टक’ तसाच राहिला, तर दोष लाल तारेंत किंवा सेल्फमध्यें शोधावा. लाल तार मात्र आम्ही नवशिक्याला घरीं बदलावयास सांगणार नाहीं. ती बॅटरीवरच्या फ्यूजच्या पेटीशीं जोडलेली असते, तिचें दुसरें टोक सेल्फजवळ अडचणींत असतें, आणि तिचें रबर कोठें खरचटलें तर आग लागूं शकते.

अलीकडच्या कांहीं गाड्यांत सिग्नलला थांबतांच इंजिन आपोआप बंद होतें; त्यांत मायनसच्या पट्ट्यावरच प्रवाह मोजणारी एक लहानशी डबी बसविलेली असते. ती नाजूक व महाग असल्यानें अशी गाडी जाणत्याकडे न्यावी. विजेवर अगर दुहेरी शक्तीवर चालणाऱ्या गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतात. त्यांत शेंकडों व्होल्टांचा, जीव घेणारा दाब असतो; त्यांना हात तर नाहींच, पण पानाहि लावूं नये.

जुनी तार भंगारवाल्यास द्यावी, तांब्याचा भाव येतो. तिचें रबर जाळून तांबें काढण्याचा उद्योग परसांत कोणी करूं लागल्यास त्यास थांबवावें. तो धूर विषारी असतो, आणि घरांत आजारी माणूस असतां तर मुळींच नको. वापरून संपलेली बॅटरी मात्र भंगारांत न देतां नवी घेतांना विक्रेत्याकडेच परत करावी. तशी व्यवस्था सरकारनें 2001 च्या नियमांनीं घालून दिली होती; त्यांच्या जागीं 2022 सालीं नवे नियम आले. परत केलेल्या बॅटरीचे पैसे किमतींतून वजा करून मिळतात, ते मागून घ्यावेत.